दोन बोटांचा उंबरा

मित्रांनो, मला जुना म्हणा, चालेल. जुना तर मी आहेच. काळा म्हणा, खडबडीत म्हणा, पाटातली अडचण म्हणा. फक्त मोडका म्हणू नका. मला मोडायला एकदा यंत्र आलं होतं. ते यंत्र काय करून परत गेलं, तेच सांगायला मी बसलो आहे. तसंही बसण्यावाचून दगडाला दुसरं काही येत नाही.

मी एक उंबरा आहे. घराचा नव्हे, पाण्याचा. नाशिक जिल्ह्याच्या उत्तरेला एक लहान नदी आहे. ती पुढे गिरणेला मिळते. त्या नदीवर जुना दगडी बंधारा आहे. बंधाऱ्यातून एक पाट निघतो आणि थोडं चालून गेला की त्याला दोन फाटे फुटतात. एक फाटा सोनदरे गावाला जातो, तो आखूड. दुसरा कळमझरीला जातो, तो लांब. फाटे फुटतात तिथे मी पाटात आडवा बसलो आहे. माझ्या पाठीला दोन खाचा आहेत. डाव्या खाचेतून सोनदऱ्याचं पाणी जातं, उजव्या खाचेतून कळमझरीचं. मधे उंचवटा आहे आणि त्या उंचवट्यावर एका बाईचा हात कोरलेला आहे.

सोनदरे वरच्या अंगाला, कळमझरी खालच्या अंगाला. ‘आहे’ला सोनदऱ्यात ‘हाय’ म्हणतात, कळमझरीत ‘शे’ म्हणतात. दोन कोसांचं अंतर, पण पाण्याचा प्रश्न निघाला की ही दोन गावं म्हणजे दोन देशच. सैन्य तेवढं नव्हतं. काठ्या होत्या.

माझ्या जन्माआधी काठ्याच चालायच्या. फाट्यावर मातीचा बांध असायचा. सोनदऱ्याचे लोक तो एका बाजूने उंच करायचे, कळमझरीचे लोक येऊन फोडायचे. एका उन्हाळ्यात एका माणसाचा डोळा गेला आणि दोन बैल मेले. मग दोन्हीकडची म्हातारी माणसं दमली. त्यांनी पुंजा नावाच्या पाथरवटाला बोलावलं आणि सांगितलं, असा उंबरा घडव की पुन्हा कुणाला माती टाकायला जागा राहू नये.

पुंजाने डोंगरातून मला काढलं. पंधरा दिवस ठोकलं. मला राग आला नाही, कारण तो ठोकताना माझ्याशी बोलायचा. मग खाचा पाडायची वेळ आली तेव्हा त्याने विचारलं, “माप कोणाच्या हाताचं घेऊ?”

झालं. तिथेच पुन्हा काठ्या निघायची वेळ आली. सोनदऱ्याचा हात घेतला तर कळमझरीला चालेना. कळमझरीचा घेतला तर सोनदऱ्याला चालेना. त्या दिवशी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया होती. आमच्या भागात आखाजीला लेकी माहेरी येतात. चांगुणा नावाची एक बाई, जन्माने सोनदऱ्याची, दिलेली कळमझरीला, ती माहेरी आली होती. गर्दीच्या मागे उभी राहून ती ऐकत होती. मग पुढे आली आणि म्हणाली,

“माझा हात घ्या. माझा भाऊ वर हाय, माझी लेकरं खाली हायेत. मी कुणाला फसवू?”

तिने हात माझ्यावर ठेवला. पुंजाने कोळशाने त्याच्याभोवती रेघ ओढली. बोटं पाण्याच्या वाटेकडे, म्हणजे खालच्या बाजूला. तिच्या वितीने दोन्ही खाचा मोजल्या गेल्या, दोन्हींची रुंदी सारखी. आणि मग ती पुंजाला म्हणाली, “आमच्याकडची खाच दोन बोटं खाली घे.”

“का म्हणून?” सोनदऱ्याची माणसं उसळली.

“वाट लांब हाय. वाटेत जमीन पाणी पिती. आन दुसरं असं, की पाणी भरपूर असलं तर दोन बोटांनी तुमचं काही जात नाय. पर पाणी आटलं, म्हंजे शेवटच्याला घोटभर तरी पोचलं पायजे. वरच्याला निदान नदी तरी दिसती.”

गर्दीतून पहिला होकार तिच्या भावाने दिला. तेव्हापासून मी दोन बोटांचा उंबरा.

मित्रांनो, हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढे सगळा घोळ याच दोन बोटांवरून झाला. वरून पाहिलं तर माझ्या दोन्ही खाचा सारख्याच दिसतात. फरक तळाला आहे आणि तळावर पाणी आहे. डोळ्यांनी तो कळत नाही. हात घालावा लागतो.

किती वर्षं गेली ते मी मोजलं नाही. इंग्रज गेले, धरणं आली, डिझेलची इंजिनं आली, मग विजेच्या मोटारी आल्या. मी तिथेच होतो. दर आखाजीला दोन्ही गावांच्या बायका येत, मला अंघोळ घालत, चांगुणाच्या हाताला कुंकू लावत आणि त्या हातात आपला हात ठेवून पाहत. एकीचा मोठा निघे, एकीचा लहान. मग पाटाच्या दोन काठांवर उभं राहून त्या एकमेकींना टोमणे मारत. पाण्याची पाळी असते तशी टोमण्यांचीही पाळी असे. एकीचं संपल्याशिवाय दुसरीने तोंड उघडायचं नाही.

“कळमझरीच्या बायांनो, तुमची भाकर एवढी जाड, बंधाऱ्याला लावली तर नदी अडंल!”

“आन तुम्हनी डाळ एवढी पातळ, पाटात ओतली तर चार वावरं भिजतीन!”

वर्षभराचं मनातलं असं एका दिवसात बाहेर पडे आणि वाहून जाई. मला ते फार आवडायचं.

माझी देखभाल धोंडीराम पाटकरी करायचा. पाटाचा गाळ काढणं, खाचांतला पाला काढणं, कुणाची पाळी कधी ते सांगणं, हे त्याचं काम. साक्षरतेचे वर्ग निघाले तेव्हा तो पंचावन्न वर्षांचा होता. पाटी घरी नातवंडं पळवायची, म्हणून तो कोळसा घेऊन माझ्याकडे यायचा आणि माझ्या कडेवर गिरवायचा. ‘क’ त्याला चार दिवस आला नाही. ‘ध’ आल्यावर त्याने टोपी काढून माझ्यावर ठेवली आणि एकटाच हसला. त्याच्याबरोबर मीही अक्षरं शिकलो. एक दिवस त्याने माझ्यावर लिहिलं: ‘दोन बोटे कळमझरीची’. कोळसा होता, पुढच्या पाण्यात गेला. त्याला वाटलं, आपल्याला पाठ आहे, म्हणजे सगळ्यांना पाठ आहे. शहाणी माणसं अशीच चुकतात.

आता परवाच्या निवडणुकीचं सांगतो.

कुणीतरी माझा फोटो काढून वर पाठवला. तक्रार अशी, की पाटावर उघड्यावर पंजा आहे, तो एका पक्षाचं चिन्ह आहे आणि आचारसंहिता लागली आहे. ग्रामसेवक घाईघाईने पोतं घेऊन आला. धोंडीराम पाटावरच होता.

“अण्णा, हा पंजा झाकावा लागंल.”

“अरे, पंजा कसला? ही चांगुणा हाय.”

“चांगुणा कोणत्या पक्षाची?”

“ती मरून शंभर वर्सं झाली, बाबा! तिचं मतदार यादीत नाव तरी असंल का?”

“ते मला म्हाईत नाय. फोटो वर गेलाय.”

त्याने पोतं बांधलं. आखाजी आली तशी बायकांनी ते सोडलं. ग्रामसेवक धावत आला, बायकांना परत पाठवलं, आणि पुन्हा भानगड नको म्हणून चांगुणाच्या हातावर सिमेंटचा गिलावा करून टाकला. निवडणूक झाली. निकाल लागला, गुलाल उधळला. गिलावा काढायची आठवण कुणालाच राहिली नाही. त्याच पावसाळ्यात धोंडीराम गेला.

पावसाळा सरल्यावर पाटाच्या दुरुस्तीचं काम निघालं. कामाची माणसं बाहेरची होती, नाशिकच्या द्वारका चौकातून गाडीत भरून आणलेली. त्यांचा काही दोष नाही. पाट नवा करायचा म्हणून त्यांनी यंत्राने मला उचलून काठावर ठेवलं. चार दिवसांनी परत बसवताना मिस्त्रीने विचारलं,

“साहेब, याची पुढची बाजू कोणती?”

ठेकेदाराचा माणूस फोनवर बोलत होता. फोन न काढता म्हणाला, “दगडाला कसली पुढची बाजू? ठेव.”

मिस्त्रीने मला ठेवलं. लेव्हल लावून पाहिली, बुडबुडा बरोबर मधोमध होता. काम चोख होतं. फक्त मी उलटा बसलो होतो. माझी खोल खाच आता सोनदऱ्याच्या फाट्यावर होती आणि उथळ खाच कळमझरीच्या. चांगुणाची बोटं नदीकडे, जिथून पाणी येतं तिकडे वळली होती आणि ते सिमेंटखाली कुणाला दिसत नव्हतं.

मी ओरडलो नाही, कारण मला तोंड नाही. पण त्या दिवशी मला तोंड असतं तर ठेकेदाराच्या माणसाचा फोन पाटात पडला असता.

थंडीत काही कळलं नाही. पाणी भरपूर होतं, दोन्ही खाचा भरून वाहत होत्या. माघ सरला, पाणी उतरलं आणि एका सकाळी कळमझरीच्या खाचेतून एक थेंबही गेला नाही. जे होतं ते सगळं सोनदऱ्याला वळलं. कळमझरीचा कांदा पोसायच्या वेळेला तहानलेला राहिला. लिंबाएवढे गड्डे निघाले. ते लासलगावला न्यायची कुणाची छाती झाली नाही. पाट वाहत नाही म्हणून विहिरीही उतरल्या. डाळिंबाच्या बागा तेवढ्या तग धरून होत्या, पण त्यांची पानं दुपारी मिटायला लागली.

कळमझरीचे लोक पाटावर आले.

“आम्हनं पाणी कोठे गयं?”

“आम्हाला काय इचारता? जमिनीला इचारा,” सोनदऱ्याचे लोक म्हणाले. त्यांना खरंच काही माहीत नव्हतं. उन्हाळ्यात कळमझरीला जास्त पाणी का जायचं, हे भांडणाऱ्यांपैकी कुणाच्याच ध्यानात राहिलं नव्हतं. उताराचा परिणाम असेल, असं त्यांनी मानून टाकलं होतं.

कळमझरीच्या पोरांनी सोनदऱ्याच्या खाचेत मातीची पोती कोंबली. सोनदऱ्याच्या पोरांनी ती काढून फेकली. एकाचं डोकं फुटलं. पोलीस पाटील आले, कागद झाले. आणि मग सोनदऱ्याने एक ठराव केला, तो मला सगळ्यात जास्त लागला. या वर्षी आखाजीला कळमझरीहून लेकी आणायच्या नाहीत. कुणीही लेकीला न्यायला मुऱ्हाळी पाठवायचा नाही.

ठराव मांडला तो संतोषने. त्याची सोनदऱ्यात द्राक्षाची मोठी बाग आहे आणि त्याच्या शब्दाला वजन आहे. त्याची सख्खी आत्या सुलाबाई कळमझरीला दिलेली. त्याची स्वतःची मुलगी सायली गेल्याच वर्षी तिथे दिलेली. लग्नानंतरची तिची ही पहिली आखाजी. तरी त्याने ठराव मांडला. म्हणाला, “नियम म्हंजे नियम. माझ्या घरापासनं सुरू.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग तो म्हणाला, “आन हा दगडच नको. फोडून टाकू. तिथं लोखंडी दार बसवू आन चावी गावात ठेवू.”

चावी गावात, म्हणजे सोनदऱ्यात. तसं झालं तर कळमझरीच्या बागा जळणार होत्या, आणि पुढे गावही राहणार नव्हतं. पाणी नसलेल्या गावात कोण थांबतं?

त्याच दिवसांत एका सकाळी अंजलीबाई सातवीचा वर्ग घेऊन पाटावर आल्या. त्या कळमझरीच्या शाळेत शिकवतात. मुलांना पाटाकाठच्या झाडाच्या सावलीत बसवून त्यांनी देशादेशांच्या नद्यांचा धडा काढला. मी ऐकत होतो. आयुष्यात पहिल्यांदा मला कळलं की जगात माझ्यासारखे आणखी कुणी होते.

बाई म्हणाल्या, साडेचार हजार वर्षांपूर्वी, आज जिथे इराक आहे तिथे, लगाश आणि उम्मा नावाची दोन नगरं होती. त्यांच्यामधे एक कालवा आणि सुपीक जमीन होती. एका राजाने मधे पडून हद्द आखली आणि तिथे एक दगड उभा केला. पुढे उम्माच्या राजाने तो दगड उपटला. मग दीडशे वर्षं दोन्ही नगरं लढत राहिली. आज दोन्ही मातीखाली आहेत.

मला वाटलं, हा माझा थोरला भाऊ. नाव माहीत नाही, भेट नाही, पण भाऊच.

मग बाईंनी सिंधू नदीचं सांगितलं. आपण आणि पाकिस्तान यांनी १९६० साली सहा नद्यांच्या वाटणीचा करार केला. नंतर युद्धं झाली, तरी करार चालू राहिला. आता तोही थांबला आहे. बाई म्हणाल्या, “पण अभ्यास करणारे सांगतात, जगात देशांनी पाण्यावरून जितकी भांडणं केली, त्याहून जास्त वेळा समजुतीनं घेतलंय. भांडणाची बातमी होते, समजुतीची होत नाही, एवढंच.”

एक मुलगी उभी राहिली. तेजल तिचं नाव, सुलाबाईची नात. “बाई, त्या इराकच्या दगडावर हात होता का?”

“नाही गं. अक्षरं होती.”

“म्हणूनच उपटला. हात असता तर उपटताना लाज वाटली असती.” मग ती माझ्याकडे वळली. “बाई, आपल्या दगडावर पण हात होता ना? कुठं गेला?”

बाई माझ्याजवळ आल्या. गिलाव्यावर त्यांनी बोट फिरवलं. त्या जामनेरकडच्या, गेल्या पावसाळ्यातच बदलून आलेल्या. त्यांनी हात कधी पाहिलाच नव्हता. पण तेजलने घरी जाऊन आजीला विचारलं आणि तिथून चक्र फिरलं.

आखाजीचा दिवस उजाडला. सकाळीच संतोष जेसीबी घेऊन पाटावर आला. मागे सोनदऱ्याची पन्नासेक माणसं. पलीकडच्या काठावर कळमझरीची माणसं जमली, हातात काठ्या. मला आठवला तो उन्हाळा, ज्यात माणसाचा डोळा गेला होता. एवढी वर्षं मी मधे बसलो ते काय पुन्हा तिथेच येण्यासाठी? मी मनात म्हटलं, आणा यंत्र. माझा भाऊ उपटला गेला, त्याला हात नव्हता. माझे तुकडे होतील, पण तुकड्यातुकड्यावर चांगुणाचं एकेक बोट निघेल. मग कुठे कुठे गिलावा कराल?

जेसीबीवाला ललित यंत्र सुरू करणार, तेवढ्यात कळमझरीच्या काठावरून सुलाबाई खाली उतरली. पंचाहत्तरीची बाई. एका हातात पाण्याची घागर, दुसऱ्या हातात विळा. मागे सायली, नवं लुगडं नेसलेली, हातात दुसरी घागर, डोळे खाली.

“आत्या, बाजूला हो,” संतोष ओरडला. “तुला बोलावलं कोणी?”

“कोणी नाय बोलावलं. मुऱ्हाळी यायची वाट बघत बसले तर पाय धरतील माझे. म्हणून आपली चालत आले.”

“गावाचा ठराव हाय.”

“ठराव माणसांचा हाय ना? मी कुठं माणसांकडं आलेय. मी दगडाला अंघोळ घालाया आलेय. साठ वर्सं घालतेय. तू तवा नागडा फिरत होतास या पाटात.”

लोक हसले. संतोषचे कान लाल झाले. सुलाबाई सरळ पाटात उतरली, माझ्यावर पाणी ओतलं आणि विळ्याच्या पाठीने गिलावा ठोकायला लागली. ललितने यंत्र बंद केलं आणि वरूनच म्हणाला, “आज्जी, मी करू का? माझ्याकडं मोठा हातोडा हाय.”

“तुझा हातोडा ठेव तुझ्याजवळ. बायकांच्या हातावर हातोडा चालवायचा नसतो.”

पापुद्रे उडाले. आधी मनगट निघालं, मग तळवा. मग एकेक बोट. सुलाबाई सवयीने आपला हात चांगुणाच्या हातात ठेवायला गेली आणि अडखळली. हात बसेना. तिने पुन्हा ठेवला. बसेना. मग ती पाटात वळून माझ्या दुसऱ्या बाजूला आली, नदीकडे तोंड करून उभी राहिली, आणि तिचा हात अलगद त्या हातात बसला.

मग तिने बाही वर केली आणि कळमझरीच्या खाचेत तळापर्यंत हात घातला. मग सोनदऱ्याच्या खाचेत घातला. तिथे हात आणखी खाली गेला. दोन बोटं.

ती उभी राहिली. सोनदऱ्याच्या काठाकडे तोंड करून ओरडली, “अरे, दगड उलटा हाय!” मग वळली आणि कळमझरीच्या काठाकडे ओरडली, “दगड उलटा शे रे!”

एकच गोष्ट, दोन काठांना, दोघांच्या बोलीत. मित्रांनो, एवढ्या वर्षांत माझ्याबद्दल इतकं खरं कुणी बोललं नव्हतं.

मग तिने आखाजीला म्हाताऱ्या बायकांकडून ऐकलेलं सगळं सांगितलं. चांगुणाचं, दोन बोटांचं, बोटांच्या दिशेचं. काठ्या खाली आल्या. पण संतोष काही लगेच वाकला नाही. तो पाटात उतरला, स्वतः हात घालून पाहिला. त्याला पटलं. आणि तरी तो म्हणाला,

“बरं, उलटा हाय. आमी तर उलटा केला नाय ना? बसलाय तसा बसू दे. आमच्या बागेला पाणी लागतं, आत्या.”

हाच खरा क्षण होता. चूक कळणं सोपं असतं. चुकीने फायदा होत असला की ती सुधारणं अवघड.

“तुझ्या वर गाव नाय का?” सुलाबाई म्हणाली. “उद्या त्यांनी बंधाऱ्याच्या वर दार बसवलं आन चावी कमरेला लावली, तर तू कुणाच्या दारात जाशील? नदीत सगळेच कुणाच्या तरी खाली असतात, बाबा.”

सुलाबाईने मागे उभ्या असलेल्या सायलीला पुढे ओढलं.

“आन हिला विचार. ही कुणाच्या पाण्यावर नांदती?”

सायली बोलली ती अगदी हळू. “टँकर एक दिवसाआड येतो, पप्पा. दोन हंडे मिळतात. सासूबाई म्हणतात, तुझ्या बापाला सांग. मी सांगत नाय. काय सांगू? पहिल्या आखाजीला तुमी न्यायलाच नाय आलात.”

संतोषने तिच्या हाताकडे पाहिलं. विहिरीवरच्या दोरीने तळवे सोलवटले होते. मग त्याने माझ्यावरच्या त्या हाताकडे पाहिलं. हा हातही सोनदऱ्याच्याच लेकीचा, आणि तिच्या भावाने पहिला होकार दिला होता. शेवटी त्याने जेसीबीकडे वळून हात हलवला.

“ललित, फिरव दगड.”

“फोडायचा नाय?”

“फिरव म्हटलं ना!”

“मला काय, फोडा म्हणा, फिरवा म्हणा, डिझेल तेवढंच,” ललित म्हणाला आणि यंत्र सुरू केलं.

ज्या यंत्राने मला मोडायचं होतं, त्यानेच मला उचललं. क्षणभर मी हवेत होतो. वरून मला दोन्ही गावं दिसली, दोन्ही फाटे दिसले, कळमझरीचा कोरडा पाट दिसला. मग मी खाली आलो. बोटं पाण्याच्या वाटेकडे. खोल खाचेतून पाणी उतरलं आणि कोरड्या फाट्यात धूळ ढकलत, पाला ढकलत पुढे निघालं. कळमझरीची पोरं त्याच्याबरोबर पळायला लागली.

पाणी थोडंच होतं. सोनदऱ्याच्या खाचेत त्या दिवशी जेमतेम ओल राहिली. संतोषचं तोंड उतरलेलंच होतं, ते मी पाहिलं. तो खूश झाला असं मी सांगणार नाही. पण जाताना त्याने सायलीच्या हातातली घागर घेतली आणि खांद्यावर टाकून तिला सोनदऱ्याच्या वाटेने घेऊन गेला. मागून कळमझरीच्या काठावरून एक बाई ओरडली, “सोनदऱ्यावालास्वन, पोरगीले पातळ डाळ नका वाढू रे!” आणि पलीकडून उत्तर आलं, “तुमच्या जाड भाकरीनंच वाळलीय ती!” पाळी बरोबर चालू झाली होती.

आता मी जागेवर आहे. अंजलीबाईंनी मुलांकडून माझ्या शेजारी एक फळी लावून घेतली आहे, तिच्यावर लिहिलं आहे: ‘दोन बोटे कळमझरीची’. या वेळी रंगाने लिहिलं आहे, कोळशाने नाही. धोंडीरामला ‘ध’ आला तेव्हा जसा आनंद झाला होता, तसा मला ती फळी पाहून झाला.

मित्रांनो, माझ्यासारखे दगड शेवटी हात जोडून सांगतात, की आमची काळजी घ्या. मला एकच हात आहे, तोही एका बाईचा, आणि तो जोडला जात नाही. म्हणून विनंती करत नाही, सांगतो. मला झाकाल तर मी झाकला जाईन. उलटा ठेवाल तर उलटा बसेन. पण खोटं बोलणार नाही. तळाशी दोन बोटं तशीच राहतील आणि कुणीतरी बाही वर करून हात घालेपर्यंत मी वाट बघेन. मला वेळ भरपूर आहे. वाट बघायला वेळ नसतो तो तहानलेल्या माणसांना.

देश मोठे असतात. त्यांनी एकमेकांत लेकी दिलेल्या नसतात, म्हणून त्यांना करार लिहावे लागतात आणि पुन्हा पुन्हा वाचावे लागतात. तुमचं तसं नाही. तुम्ही मोठे व्हाल, पाटावर याल, हातात फावडं असेल किंवा कागद असेल. माझ्यावरची बोटं कुठे वळली आहेत ते आधी बघा. त्या वाटेने कुणाची लेक गेली आहे ते आठवा. आणि मग, हिंमत असेल तर, मला हात लावा.